आत घेतलेली गॅलरी

“घेतली का आत?”

मुलुंड पूर्वेला आमची सोसायटी नवीन असताना बायका जिन्यात भेटल्या की पहिला प्रश्न हाच. काय आत घेतली, ते कुणाला सांगावं लागायचं नाही. गॅलरी! बिल्डरने दिलेल्या उघड्या गॅलरीच्या कठड्यावर लोखंडी चौकट ठोकायची, काचा बसवायच्या, की झाली एक खोली तयार. जिची आत घेऊन व्हायची ती बाकीच्यांना चहाला बोलवायची. बाकीच्या ‘अय्या, किती मोठं दिसतंय गं घर’ म्हणायच्या आणि घरी जाऊन नवऱ्याचं डोकं खायच्या. मीही खाल्लं. चांगलं सहा महिने खाल्लं. माझा नवरा मुळात शांत माणूस. शेवटी कंटाळून म्हणाला, “घे बाई आत, पण मला जेवू दे.”

ही गोष्ट गिरण्यांच्या संपानंतरच्या वर्षांतली. आमचं घर तळमजल्यावर होतं. एक खोली, मागे स्वयंपाकघर आणि पुढे पश्चिमेला गॅलरी. माणसं चार. मी, नवरा, आमची तीन वर्षांची मुलगी आणि माझे सासरे. सासूबाई गावी, कोकणात, घर आणि भाताचे दोन तुकडे सांभाळत होत्या. सासऱ्यांना नवरा बाबा म्हणायचा, म्हणून मीही बाबाच म्हणायचे. बाबांनी गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात, तीस वर्षं काढली होती. संपात त्यांची गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. मग गिरणगावातली खोली सोडून एक पत्र्याची ट्रंक आणि एक खाट घेऊन ते आमच्याकडे आले. खाट त्यांनी गॅलरीत टाकली. “हय बरा असा,” म्हणाले. दिवसा तिथे बसायचे, रात्री तिथेच झोपायचे. बोलणं जवळजवळ नाहीच.

माझं अगदी उलट. मी ठाण्याची, एका कचेरीत टायपिस्ट, तोंडाने फटकळ आणि डोक्याने हट्टी. घर माझं होतं आणि ते मला दाखवण्यासारखं करायचं होतं. गॅलरी आत घ्यायचं ठरलं तेव्हा बाबांनी एकदाच विचारलं, “आणि वारो खयसून येतलो?” मी म्हटलं, “पंखा आहे ना, बाबा!” त्यांची खाट आतच राहिली, शेजारी माझं शिवणयंत्र आलं, काचांना मी फुलाफुलांचे पडदे लावले आणि सोसायटीतल्या सगळ्यांना चहा पाजला.

एवढ्यावर थांबेन तर ती मी कसली. भिंतींना ऑइल पेंट मारून घेतला, फिका गुलाबी. पेंटर म्हणाला होता, “बाई, फडक्याने पुसा, दहा वर्षं बघायला नको.” लोखंडी कपाट मावेना, म्हणून ते स्वयंपाकघराच्या खिडकीला पाठ लावून उभं केलं. खिडकीतून दिसत काय होतं? पलीकडच्या बिल्डिंगचे पाइप. झाकली तर बिघडलं कुठे! बाहेर गॅलरीच्या भिंतीला लागून मोगऱ्याचा वाफा केला, गुडघाभर माती चढवली आणि रोज संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोन बादल्या पाणी घालायला लागले. मोगरा असा फुलला की बास. मी अंबाड्यात गजरा माळून ऑफिसला जायचे आणि वाटायचं, आपल्यासारखं नशीबवान कोण असेल!

पोरीचा खोकला त्याच वर्षी सुरू झाला.

आधी साधाच वाटला. मग छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. खोकून खोकून ओकायची, आणि बरगड्यांच्या मधली कातडी श्वासागणिक आत जायची. ज्या आईने ते पाहिलंय तिला मी वेगळं काय सांगू? माझा जीव अर्धा व्हायचा. आणि मग मी काय करायचे? तर जे माझ्या आईने केलं असतं तेच. वारं बाधेल म्हणून होत्या तेवढ्या काचा घट्ट लावायच्या. कानटोपी घालायची. ओवा, वावडिंग आणि लसणीची सालं निखाऱ्यावर टाकून खाटेखाली धुरी द्यायची. डास चावू नयेत म्हणून कोपऱ्यात अगरबत्ती. बाहेर कपडे वाळत नाहीत म्हणून तिचे धुतलेले कपडे तिच्याच डोक्यावर दोरीवर. सगळं मायेने केलं हो! एक गोष्ट दुष्टाव्याने केली नाही. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

गुलाबी पेंटला फुगे यायला लागले होते. फुगा फोडला की आतून पाणी. खालच्या वीतभर भागावर पांढरी पूड फुलायची, तिला आपल्याकडे लोणा म्हणतात. शेजारणी म्हणायच्या, “मिठागरं जवळ ना, खाडीची हवा, मुलुंडला असंच.” मीही तेच म्हणायचे आणि फडक्याने पुसून टाकायचे. नाहीतरी पेंटर म्हणालाच होता, पुसा.

आमच्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या. एप्रिलात त्यांनी पोरीला तपासलं, बाळदमा आहे म्हणाल्या आणि मला सरळ विचारलं, “घरात ओल आहे का?”

“छे!” मी म्हटलं. “नवीन ऑइल पेंट आहे.”

खोटं! डॉक्टरसमोर, पोर मांडीवर धापा टाकत असताना, मी घराच्या अब्रूपायी खोटं बोलले. मग त्यांना बिचारीला दुसरं काय सुचणार? म्हणाल्या, औषधं चालू ठेवू, पण ती सारखी सारखी देणं बरं नाही. गावी कुणी आहे का? हवाबदल करून बघा. पाऊस सुरू व्हायच्या आत न्या आणि वर्ष-दोन वर्षं राहू द्या तिकडेच. इथला पावसाळा तिला यंदा झेपायचा नाही.

वर्ष-दोन वर्षं! तीन वर्षांची पोर! घरी येऊन मी मोरीत नळ सोडला आणि पोटभर रडले. मला नोकरी सोडून गावी जाता येत नव्हतं, एकाच्या पगारात आमचं भागत नव्हतं. नवऱ्याने मेच्या मध्यावरची एसटीची दोन तिकिटं काढली, एक पोरीचं आणि एक बाबांचं. बाबांना तसंही जायचंच होतं. तीस वर्षं त्यांना फक्त शिमग्याला नाहीतर गणपतीला दहा दिवस घर दिसलेलं. पावसात आपल्या शेतात उभं राहून लावणी करायची, हे एकच ते कधी कधी बोलून दाखवायचे. आता नातही बरोबर. मला वाटलं, म्हातारा खूश असेल. खरं सांगते, त्या दिवसांत मला त्यांचा रागच यायचा.

दिवसभर पोर बाबांजवळच असायची. मी ऑफिसात, नवरा कामावर. एका संध्याकाळी मी आले तर बाबा माझ्या शिवणयंत्रातला पांढरा दोरा वीत-वीत तोडून घरभर लटकवत होते. दाराच्या चौकटीला एक, गॅलरीतल्या खाटेवर एक, पोरीच्या बिछान्यावर एक, स्वयंपाकघरात एक. माझं टाळकंच सरकलं. “बाबा, काय चाललंय काय हे? रीळ संपवलंत की माझं!”

“गो, जरा गप ऱ्हव,” ते म्हणाले. “दोरो हलता काय बघ.”

मी बघितलं. एकही दोरा हलत नव्हता. पंखा बंद होता आणि सगळे दोरे सरळ खाली, ढिम्म. बाहेर पश्चिमेचा वारा बदामाची पानं फडफडवत होता.

मग त्यांनी एक दोरा दोन्ही हातांत धरून ताणला. ताणताणून शेवटी तुटला. नंतर मला पायरीवर नेलं. तिथे उन्हात त्यांनी सकाळपासून दोऱ्याचा दुसरा तुकडा ठेवला होता, तो ताणला. तो पटकन तुटला. मला काही कळेना. तीस वर्षं माग चालवलेल्या माणसाच्या बोटांना जे कळतं ते टायपिस्टच्या बोटांना कसं कळणार? आत येऊन त्यांनी भिंतीवर तळहात ठेवला. “एप्रिल म्हयनो. पाऊस नाय, काय नाय. आणि भितीक घाम. ह्या आमचा साळखाता झाला.”

त्या दिवशी हा माणूस माझ्याशी पहिल्यांदा इतकं बोलला. साळखात्यात खिडक्या कायम बंद असायच्या, म्हणाले. वरच्या नळ्यांतून पाण्याचा बारीक फवारा दिवसभर सोडलेला असायचा. का? तर सूत कोरडं झालं की तुटतं, ओलसर हवेत तुटत नाही. सगळी हवा सुतासाठी. आत माणसंही असतात हे कुणाच्या खिजगणतीत नव्हतं. नव्या माणसाला तिथे पहिल्या महिन्यात खोकला लागायचा. शिट्टी वाजणारा. पोरीला लागला तसाच.

“सुताक बरी ही हवा,” बाबा म्हणाले. “माणसाक नाय. भायर पायरीवर चेडू खोकना नाय. मी म्हयनोभर बघतंय. घरात इला की सुरू.”

आता शहाण्या बाईने काय करावं? पाय धरावेत. मी काय केलं? माझा पारा चढला. माझी गॅलरी, माझा पेंट, माझी खोली, आणि हे म्हणतात गिरणी झाली! मी म्हटलं, “इतकं कळत होतं तर तीस वर्षं तिथे कशाला बसलात? उघडायची होती खिडकी!”

नवरा नुकताच दारात आला होता, तो जागच्या जागी थिजला. बाबा मात्र चिडले नाहीत. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “खिडकी उघडली तर दोरो तुटता. दोरो तुटलो तर माणूस घराक.”

  बाबा पुढे एवढंच म्हणाले, “माका आठ दीस दी. नाय जमला तर तिकीट असाच. मी घेवन जातंय तिका.”

मी तरी कुरकुरले. पण नवरा, जो लग्न झाल्यापासून माझ्या शब्दाबाहेर गेला नव्हता, चप्पल काढता काढता म्हणाला, “बाबा सांगतायत तसंच करायचं.” आणि पेटीतून पाना काढून आणला.

आठ दिवस पोरगी वरच्या मजल्यावरच्या गुजराती मावशींकडे राहिली. त्या माउलीचेही माझ्यावर उपकारच आहेत. धूळ खाली बसेपर्यंत पोरीला खाली पाठवायचं नाही म्हणून तिने माझ्या लेकीला फाफडा काय, ढोकळा काय, खाऊ घालून घालून गुबगुबीत करून टाकलं. पण टोमणा मारल्याशिवाय राहील तर शपथ. गॅलरीतून खाली वाकून म्हणायची, “काका, सब लोग आत घेते, तुम्ही बाहेर काढते! घराचा गोठा करते काय?”

बाबा वर बघून नुसते हसायचे. बापलेकांनी मिळून आधी गॅलरीच्या काचा आणि चौकटी उतरवल्या. माझे फुलाफुलांचे पडदे मी घडी करून ट्रंकेत टाकले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. मग कपाट. ते सरकवल्यावर मागची भिंत बघून मला शिसारी आली. पार काळी झालेली, आणि कपाटातल्या माझ्या चांगल्या पैठणीला त्या बाजूने बुरशीचे ठिपके. खिडकी वर्षभराने उघडली. पण बाबांना भिंतीतल्या ओलीचं मूळ सापडत नव्हतं. नळ तपासले, मोरी तपासली. मग ते बाहेर गेले आणि मोगऱ्याच्या वाफ्यापाशी उकिडवे बसले.

घराच्या जोत्याच्या वर वीतभर माती चढवून रोज दोन बादल्या पाणी कोण घालत होतं? मी. ते पाणी भिंतीत मुरत होतं, आणि ऑइल पेंटने भिंतीचं तोंड बंद केल्यामुळे बाहेर पडायला वाट नव्हती. ऑइल पेंट कुणी मारून घेतला? मी. काचा कुणी लावल्या? मी. कपाट? मीच. सगळं कर्तृत्व माझं! मी कपाळाला हात लावून पायरीवर बसले. वाटलं, आता हा माणूस बोलणार, आणि बोलला तर त्याचा हक्कच आहे. बाबा म्हणाले, “मोगऱ्याक कुंडये बघूक व्हये. झाड वायट नाय.” आणि माती उपसायला लागले.

पेंट खरवडला. लोणा कोरड्या कुंच्याने झाडून काढला. पाणी अजिबात लावायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद. भिंती उघड्या ठेवून उन्हावाऱ्याला सुकवल्या. मेचं ऊन ते, तीन दिवसांत भिंतीचा रंग बदलला. मग डब्यात चुना भिजवला, फसाफसा उकळला, गाळला, त्यात थोडा डिंक आणि चिमूटभर नीळ घातली आणि घराला तीन हात दिले. चुन्यातून भिंतीची ओल बाहेर निघून जाते, ऑइल पेंटमधून जात नाही, हे मला त्या दिवशी त्यांनी सांगितलं. हल्ली जाहिरातींत बघते, श्वास घेणाऱ्या भिंती, निसर्गाशी मैत्री करणारी घरं, आणि किंमत ऐकून चक्कर येईल. आमच्या घरात ते काम एका बेकार गिरणी कामगाराने कुंच्याने केलं.

आठव्या दिवशी संध्याकाळी बाबांनी पुन्हा दोरे लटकवले. सगळे हलत होते. गॅलरीतून शिरलेला वारा खोलीतून स्वयंपाकघरात जात होता आणि खिडकीतून बाहेर. माझा पोळ्यांचा धूरही त्याच्याबरोबर चालला होता. मी पंखा बंद करून तिथेच फरशीवर बसले आणि मला एकदम भूक लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती.

पोर खाली आली. धुरी बंद, अगरबत्ती बंद, त्याजागी मच्छरदाणी. कपडे गॅलरीत. लगेच बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात शिट्टी दोनदाच वाजली. तिकिटाची तारीख तीन दिवसांवर आली होती. मी डॉक्टरीणबाईंकडे गेले आणि आधी कबुली दिली, “डॉक्टर, घरात ओल होती, मी खोटं बोलले.” त्यांनी पोरीला तपासलं. मग म्हणाल्या, “बरं वाटतंय तिला. पण खरी परीक्षा पावसात. धोका पत्करायचा का, तुम्ही ठरवा. जरा जरी वाढलं तरी तडक गावी पाठवायचं.”

घरी येऊन मी हे सांगितलं. नवरा बाबांकडे बघायला लागला, मीही बघायला लागले. बाबांची ट्रंक भरून तयार होती. ते म्हणाले, “तिकिटा परत दी जावन. पावसात ह्या घर कोणीतरी बघूक व्हया. तुमी दोगा कामार.”

आणि ते राहिले. त्या पावसाळ्यात त्यांनी घर असं सांभाळलं की मागावरचं कापडही कुणी सांभाळणार नाही. गॅलरीला बांबूचे पडदे बांधले, सर आली की सोडायचे, उघडीप झाली की गुंडाळायचे. सकाळ-दुपार दोन्ही बाजूंची दारं-खिडक्या सताड उघडायचे. चादरी, उशा, पोरीच्या गोधड्या, ऊन दिसलं की पायरीवर. मी सवयीने स्वयंपाकघराची खिडकी ओढायला गेले की मागून आवाज यायचा, “गो, गो, गो!” माझा हात तसाच मागे. आषाढ गेला. मी रोज सकाळी उठून आधी पोरीच्या छातीला कान लावायचे. श्रावण गेला. गावाहून सासूबाईंचं पत्र आलं, लावणी झाली, माणसं लावून केली. ते मीच बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी ऐकलं आणि पडदे गुंडाळायला उठले.

दसऱ्याच्या आधी डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या पाठीवर, छातीवर, सगळीकडे नळी लावून बघितलं. दोनदा बघितलं. म्हणाल्या, “राहू दे तुझ्यापाशी. कुठे पाठवायची गरज नाही.”

मी पोरीला कडेवर घेऊन जवळजवळ पळतच घरी आले. बाबा गॅलरीत खाटेवर बसले होते. मी पोरीला खाली सोडलं आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. सणासुदीला ठेवायचे तसं नाही, खरंखुरं. म्हटलं, “बाबा, मी तुम्हाला नको नको ते बोलले. माझी पोर माझ्याजवळ ठेवलीत. हे ऋण मी कसं फेडू?”

“उठ गो, उठ. पाया कसल्या पडतंस,” ते ओशाळून म्हणाले.

पण मी माझीच. डोक्यात आलं ते तोंडात येणारच. मी विचारलं, “पण बाबा, तुम्हाला तर जायचं होतं ना? तिकीट हातात होतं. पोरीला घेऊन गेला असतात तर तुमची लावणी झाली असती, आईंनाही सोबत झाली असती. मग इतका खटाटोप कशाला केलात?”

 आतल्या खोलीत नवरा बूट काढत होता, त्याला ऐकू जाईल एवढ्यावर. तरी बाबा बोलले.

“तुजो घोव चार वर्सांचो होतो. शिमग्याक मी घराक गेलंय. अंगणात तो खेळत होतो. माका बघून आत धावलो आणि आवशीक म्हणता, आये, पावणो इलो हा.” ते थोडं हसले. “ती हसली, मी पण हसलंय. दहा दिसांनी परत निघालंय तेवा रडलो पण नाय. पावणो जाता, तेका कोण रडता?”

मग पोरीकडे बघून म्हणाले, “आपला पोर आपणाक वळखना नाय, ह्या मी भोगलंय. तुज्या वाट्याक नको.”

मी आत बघितलं तर नवरा एका हातात बूट धरून तसाच उभा होता.

दिवाळी करून बाबा गावी गेले, कायमचे. ठाण्याच्या एसटी स्टँडवर सकाळी आम्ही तिघं सोडायला गेलो. बाबा खिडकीशी बसले, ट्रंक वर टाकली. पोर “आज्या, टाटा” म्हणून ओरडत होती, एका दमात, न खोकता. गाडी हलली आणि माझा नवरा, जो त्याच्या लग्नात हसला नाही की कुणाच्या मयताला रडला नाही, भर स्टँडवर माणसांच्या गर्दीत खांबाला धरून मोठमोठ्याने रडला. बाबांनी खिडकीतून मान बाहेर काढली होती, त्यांनी ते पाहिलं.